बावीसपैकी चौदा

नांदेडला इंजिनिअरिंग करताना आमच्या हॉस्टेलवर बीएआरसीची परीक्षा देणारे दोन-चारजण असायचेच. त्यांच्या डोळ्यांपुढे ट्रॉम्बे, अणुभट्टी आणि पक्की नोकरी. याच वाटेनं गेलेला एक मेकॅनिकल इंजिनिअर पुढे साऱ्या जगाशी अणुबोलणी करतो, हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

अनिल काकोडकर १९६३ साली व्हीजेटीआयमधून इंजिनिअर झाले आणि बीएआरसीत गेले. १९७४च्या पोखरण चाचणीच्या चमूत ते होते. त्या चाचणीनं हादरलेल्या देशांनी अणुसाहित्य विकण्यावर वचक ठेवायला एक गट काढला: अणुपुरवठादार गट. भारताला बाहेरून इंधन आणि तंत्रज्ञान मिळणं अवघड झालं. काकोडकरांची पुढची उमेदीची वर्षं या कोंडीतच गेली. 'ध्रुव' अणुभट्टी उभी राहिली ती याच काळात, १९८५मध्ये.

२०००मध्ये ते अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष झाले. जुलै २००५मध्ये मनमोहन सिंग आणि बुश यांनी नागरी अणुकराराची घोषणा केली. अट होती: वीज बनवणारा भाग आणि लष्करी भाग वेगळा करा, आणि वीजवाल्या भागावर आयएईएची, म्हणजे आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेची, निगराणी माना. निगराणी म्हणजे निरीक्षक येणार, कॅमेरे लावणार, सील ठोकणार, इंधनाचा हिशोब तपासणार. हेतू एकच, विजेसाठी घेतलेलं इंधन बॉम्बकडे वळू नये.

आता रेघ कुठे मारायची? एकही भट्टी उघडली नाही तर युरेनियम मिळणार नाही, आणि टंचाई तर होतीच. सगळ्याच उघडल्या तर हातात काही उरणार नाही. अमेरिकेला फास्ट ब्रीडर भट्ट्याही यादीत हव्या होत्या. फेब्रुवारी २००६मध्ये काकोडकरांनी एका वर्तमानपत्राला मुलाखत देऊन याला उघड विरोध केला. आपल्याकडे युरेनियम थोडं आणि थोरियम भरपूर. थोरियमपर्यंतचा रस्ता ब्रीडरमधूनच जातो. सरकारी अधिकाऱ्यानं ऐन बोलणीत असं जाहीर बोलावं का, यावर वादही झाला. पण मार्चमध्ये आराखडा ठरला तेव्हा २२ भट्ट्यांपैकी १४ निगराणीखाली गेल्या आणि ब्रीडर बाहेर राहिले.

१ ऑगस्ट २००८ला आयएईएच्या मंडळानं करार मान्य केला. ६ सप्टेंबरला अणुपुरवठादार गटानं भारताला सूट दिली. ज्या चाचणीमुळे हा गट जन्मला, तिच्या चमूतला माणूस ३४ वर्षांनी त्याच गटाकडून दार उघडून घेत होता.

एक प्रश्न उरतोच. बाहेरचे निरीक्षक आले, पण घरातलं काय? देशातल्या भट्ट्यांची सुरक्षितता तपासणारं नियामक मंडळ वर्षानुवर्षं अणुऊर्जा आयोगालाच उत्तरदायी राहिलं. ज्याच्यावर नजर ठेवायची त्याच्याच हाताखाली. तिथली रेघ बराच काळ नीट मारली गेली नाही.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. कुणाला किती अ‍ॅक्सेस द्यायचा, हे आम्ही रोज ठरवतो; चुकलं तर रात्री जागून दुरुस्त करतो. अणुभट्टीच्या बाबतीत ती सोय नसते. म्हणून तिथे होकाराइतकाच नकारही अभ्यासाचा लागतो. लातूर-नांदेडच्या क्लासमध्ये प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय असतात. या प्रश्नाला ते नव्हते.