डोळे मिटा, बोट ठेवा

नाशिक जिल्ह्यातल्या पेठ-सुरगाण्याकडच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात फिकट डाग दाखवायला कुणी आलं, तर जाणता डॉक्टर लगेच मलम लिहून देत नाही. तो पेशंटला उजेडात बसवतो आणि खिशातलं बॉलपेन काढतो. पेनाचं टोक आधी चांगल्या कातडीवर, पेशंटच्या डोळ्यांदेखत टेकवायचं. मग म्हणायचं, डोळे मिटा आणि टेकवलं तिथे बोट ठेवा. चांगल्या कातडीवर बोट बिनचूक जातं. सुन्न चट्ट्यावर टोक टेकलं तरी बोट जागचं हलत नाही. शिबं असो, गजकर्ण असो, कोड असो, त्यांत स्पर्श शाबूत असतो. डागातली संवेदना खरोखर गेली असेल, तर कुष्ठरोगाचं निदान तिथल्या तिथे होतं. त्यासाठी रक्त काढावं लागत नाही की यंत्र लागत नाही.

या साध्या परीक्षेची मुळं फार जुनी आहेत. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात कुष्ठाच्या पूर्वलक्षणांमध्ये अंगाचा भाग बधिर होणं सांगितलेलं आहे. अर्थात तिथली अठरा कुष्ठं म्हणजे आजचा एक रोग नव्हे. त्या यादीत कातडीचे इतर कितीतरी विकार आले आहेत. पण बधिरतेचं हे निरीक्षण पक्कं होतं. आदिवासी तालुक्यांतल्या केंद्रांत आज आयुर्वेदाची बीएएमएस पदवी घेतलेले वैद्यकीय अधिकारी अनेकदा भेटतात. कॉलेजात कुष्ठनिदान शिकलेला माणूस केंद्रात बॉलपेन टेकवतो, तेव्हा त्या दोन गोष्टींतलं नातं त्याला सांगावं लागत नाही.

आधुनिक वैद्यकात हा धागा नॉर्वेतून आला. डॅनियलसेन आणि बोएक यांनी 1847 साली रोगाचे दोन प्रकार वेगळे केले, एक गाठींचा आणि दुसरा बधिरतेचा. 1873 मध्ये बर्गेनच्या हॅन्सेनला त्यामागचा जंतू दिसला. त्याच वर्षी मुंबई प्रांताच्या वैद्यकीय सेवेतला एक डॉक्टर नॉर्वेला गेला आणि तिथलं संशोधन इकडे घेऊन आला. हा हेन्री व्हँडाइक कार्टर, 'ग्रेज ॲनॅटॉमी'ची चित्रं काढणारा. तो ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवत असे आणि साताऱ्याचा सिव्हिल सर्जनही होता. चित्रकार म्हणून त्याचं नाव निघतं, कुष्ठरोगासाठी फारसं निघत नाही, हे मला अन्यायाचं वाटतं.

सरकारला मात्र निदानापेक्षा बंदोबस्ताची घाई होती. 1898 च्या कुष्ठरोग कायद्यात रोगी कोण, तर ज्याला व्रण पडू लागले आहेत तो. त्यातही पकडून आश्रमात ठेवायचं ते भीक मागणाऱ्या गरिबाला. म्हणजे घाटावर जखमा घेऊन बसलेला माणूस कायद्याला दिसे आणि पाठीवर एक सुन्न चट्टा घेऊन नांगर धरणारा दिसत नसे. रोग थांबवायचा तर या दुसऱ्यालाच आधी गाठायला हवं होतं. हा कायदा रद्द व्हायला 2016 साल उजाडलं.

त्या दुसऱ्या माणसाच्या दारात जायची पद्धत वर्ध्यात घडली. गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशन 1951 मध्ये सुरू झालं. तिथे डॉ. वारदेकरांनी सर्वेक्षण, शिक्षण आणि उपचार ही तीन कामं एकत्र गुंफली. कुष्ठावरच्या डॅप्सोनच्या स्वस्त गोळ्या हाती आल्या होत्या, पण त्या द्यायच्या कुणाला हे घरोघर फिरल्याशिवाय कळणार नव्हतं. त्यासाठी डॉक्टर पुरणार नव्हते. म्हणून संवेदनेची ही परीक्षा डॉक्टर नसलेल्या, पण शिकवून तयार केलेल्या माणसांच्या हाती गेली. या सगळ्या मागोव्यातलं सर्वांत मोठं वळण मला हेच वाटतं. जंतूच्या शोधाने रोग समजला, पण या माणसांमुळे रोगी सापडले. 1955 साली राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाल्यावर हीच पद्धत देशभर गेली. आज घरोघर शोधमोहिमेत फिरणारी आशाताई त्याच परंपरेतली आहे.

1982 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचार सुचवला आणि पुढच्या वर्षांत त्याचा काळ ठरवण्यासाठी चट्टे मोजण्याला महत्त्व आलं: पाचपर्यंत असतील तर सहा महिने औषध, त्याहून जास्त असतील तर बारा महिने. डिसेंबर 2005 मध्ये देशातलं रुग्णांचं प्रमाण दहा हजारांमागे एकाच्या खाली आलं. त्याच सुमारास कुष्ठरोगाची वेगळी यंत्रणा सर्वसाधारण आरोग्यसेवेत मिसळली गेली. हिशेब म्हणून ते बरोबर होतं. पण आयुष्यभर चट्टे पाहिलेले तंत्रज्ञ निवृत्त होत गेले आणि गर्दीच्या ओपीडीत शर्ट काढायला लावून पाठ पाहण्याएवढा वेळ कुणाकडे उरला नाही. हातावरचा डाग दाखवायला आलेल्याच्या पाठीवर दुसरा असू शकतो, तो राहून जातो.

शिवाय बॉलपेन सगळं सांगत नाही. चेहऱ्यावर नसांचं जाळं दाट, त्यामुळे तिथला चट्टा कुष्ठाचा असूनही स्पर्श कळू शकतो. गाठींच्या प्रकारात सुरुवातीला बधिर डाग नसतोच. कातडी तेलकट चमकते, कानाच्या पाळ्या जाड होतात, भुवया विरळ होतात. म्हणून कोपराच्या आतल्या बाजूची नस चाचपायची, ती दोरीसारखी जाड किंवा दुखरी लागते का ते पाहायचं. शंका राहिली तर कानाच्या पाळीला बारीक छेद देऊन स्लाइड तपासायला पाठवायची.

अंगावर न खाजणारा, न दुखणारा, घाम न येणारा फिकट किंवा लालसर चट्टा असेल, तर दुकानातलं मलम चोळत बसू नका. जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात जा आणि संवेदना तपासून मागा. औषध तिथे फुकट मिळतं. ते सुरू झालं की रोग दुसऱ्याला लागण्याची भीती लवकरच संपते, आणि वेळेत सुरू झालं तर हातापायांतलं व्यंग टाळता येतं.