क्रूझवरील पुढच्या बाजूचा सूट निवडताना

विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर हा पट्टा समुद्रापासून दूर असला, तरी जहाजाच्या प्रवासाची आठवण येथील अनेक घरांत आहे. फाळणीनंतर कराची बंदरातून बोटीने मुंबईस उतरलेली सिंधी कुटुंबे कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत राहिली आणि त्याच वस्तीला १९४९ मध्ये उल्हासनगर हे नाव मिळाले. कारखान्यांतील नोकऱ्यांसाठी अंबरनाथ-बदलापूरला येऊन राहिलेल्या कोकणी माणसाच्या मागच्या पिढ्यांनी भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या कोकण बोटीच्या डेकवर रात्री काढल्या आहेत. त्या प्रवासात जागा निवडण्याचा प्रश्नच नव्हता. सतरंजी जिथे पसरली जाईल ती जागा आपली. आता याच घरांतून आई-वडिलांच्या लग्नाचा पन्नासावा वाढदिवस किंवा निवृत्ती यांसारख्या निमित्ताने क्रूझची चौकशी होते, आणि दरपत्रकाच्या शेवटच्या ओळीत ‘समोरच्या बाजूचा सूट’ दिसला की घरात चर्चा सुरू होते. आयुष्यात एकदाच जायचे, मग सर्वांत चांगले का नको, हा विचार स्वाभाविक आहे. मात्र सर्वांत महाग खोली ही प्रत्येक प्रवाशासाठी सर्वांत चांगली खोली असतेच असे नाही, आणि मुंबईहून सुटणाऱ्या लहान सफरींच्या बाबतीत तर ती बहुधा नसते.

मुंबईहून क्रूझ ही गोष्ट तशी नवी राहिलेली नाही. ‘सुपरस्टार लिब्रा’ हे जहाज २००५ मध्ये मुंबईत आले. पुढे ‘कोस्टा निओक्लासिका’ने मुंबई, कोची आणि मालदीव अशा फेऱ्या केल्या. ऑक्टोबर २०१८ मध्ये मुंबई-गोवा मार्गावर ‘आंग्रिया’ सुरू झाली. कान्होजी आंग्रे यांच्या घराण्याचे नाव धारण करणारी ही बोट मूळची जपानी होती. सप्टेंबर २०२१ पासून ‘कॉर्डेलिया’ कंपनीचे ‘एम्प्रेस’ हे जहाज मुंबईहून गोवा, लक्षद्वीप, कोची या दिशांना प्रवासी नेऊ लागले. १९९० मध्ये फ्रान्समध्ये बांधलेल्या या जहाजाची लांबी सुमारे २११ मीटर आहे. बॅलार्ड पिअर येथील नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन सप्टेंबर २०२५ मध्ये झाले.

जहाजाचे पुढचे टोक म्हणजे नाळ. नाळेच्या वरच्या डेकवर, सुकाणू कक्षाच्या आसपास, जहाज ज्या दिशेने जाते त्याच दिशेला खिडक्या किंवा बाल्कनी असलेल्या ज्या खोल्या असतात, त्या पुढच्या बाजूच्या खोल्या. बाजूच्या खोलीतून समुद्राची एकच बाजू दिसते. येथे दोन्ही दिसतात. दक्षिणेकडे निघालेल्या जहाजावर डावीकडे कोकण किनारा आणि सूर्योदय, उजवीकडे मोकळा समुद्र आणि सूर्यास्त, असे दुहेरी दृश्य एकाच काचेतून मिळते. अशा खोल्या प्रत्येक जहाजावर मोजक्या असतात, काही जहाजांवर नसतातच. त्यामुळे त्यांचा भाव चढा राहतो.

परंतु हे दृश्य दिसणार केव्हा? पैसे भरण्यापूर्वी विचारायचा पहिला प्रश्न हाच आहे. मुंबई ते मार्मागोवा हे समुद्रमार्गे अंतर सव्वादोनशे सागरी मैलांच्या आसपास आहे. ताशी १६-१७ सागरी मैल वेगाने हा एका रात्रीचा प्रवास होतो. म्हणून दोन रात्रींच्या गोवा सफरीत जहाज संध्याकाळी सुटते, रात्रभर चालते आणि दिवसा धक्क्याला उभे असते. नोव्हेंबरात मुंबईचा सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. पाच वाजता जहाज सुटले, तर बंदराची वाट पार होईतो उजेड संपलेला असतो. दुसऱ्या दिवशी गोव्यात जहाज उभे राहते तेव्हा समोर समुद्र नव्हे, तर बहुधा क्रेन आणि गोदामे दिसतात. थोडक्यात, दोन रात्रींचे भाडे भरून चालत्या जहाजापुढचा समुद्र उजेडात दोन-तीन तास पाहायला मिळतो.

रात्रीचे काय, असे कोणी विचारील. येथे एक अट आड येते, आणि ती माहितीपत्रकात ठळक छापलेली नसते. पुढच्या बाजूच्या खोल्यांतील प्रवाशांना सूर्यास्तानंतर जाड पडदे पूर्ण ओढून ठेवण्यास सांगितले जाते. जहाजांची टक्कर टाळण्यासाठी १९७२ मध्ये झालेल्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार, सूर्यास्त ते सूर्योदय या काळात टेहळणीत अडथळा आणणारा कोणताही दिवा जहाजावर दिसता कामा नये. खोलीतील उजेड पुढच्या डेकवर पडला की सुकाणू कक्षातील अधिकाऱ्यांच्या अंधाराला सरावलेल्या डोळ्यांना त्रास होतो. कोकण किनाऱ्यावर हा नियम केवळ कागदी नाही. क्रूझचा हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे, म्हणजे नारळी पौर्णिमेनंतर मच्छीमारांनी होड्या समुद्रात लोटल्यावरचा. रायगड-रत्नागिरीसमोर रात्री असंख्य लहान होड्या मिणमिणत्या दिव्यांनिशी जाळी टाकून बसलेल्या असतात. त्या वेळीच दिसल्या पाहिजेत. त्यामुळे पडद्याबद्दल कर्मचाऱ्यांशी वाद घालणे गैर आहे.

दुसरा मुद्दा हेलकाव्यांचा. तराजूची दांडी वर-खाली होताना तिचा मध्य जवळजवळ जागच्या जागी राहतो, पारडी मात्र मोठा पल्ला गाठतात. जहाजाचेही तसेच असते. समुद्र थोडा खवळून जहाज पुढे-मागे केवळ एक अंश झुकले, तर मध्यापासून २० मीटरवर असलेली खोली सुमारे ३५ सेंटिमीटर वर आणि तितकीच खाली जाते. ८० मीटरवर, नाळेकडे असलेली खोली जवळजवळ दीड मीटर वर आणि तितकीच खाली. आधुनिक जहाजांना दोन्ही अंगांनी पाण्याखाली पंख असतात, ते डावीकडे-उजवीकडे होणारे डोलणे बरेच कमी करतात. पुढे-मागे होणाऱ्या झुकण्यावर त्यांचा फारसा इलाज चालत नाही. ‘जहाजाला स्टॅबिलायझर आहेत, काही जाणवणार नाही’ हे विक्रेत्याचे आश्वासन नाळेवरच्या खोलीपुरते अर्धेच खरे असते.

जुन्या काळातील जहाजबांधणी करणाऱ्यांना हे पक्के ठाऊक होते. अटलांटिक ओलांडणाऱ्या जहाजांवर पहिल्या वर्गाच्या खोल्या मध्यभागी असत. १९१२ मध्ये बुडालेल्या ‘टायटॅनिक’वर नाळेकडची जागा तिसऱ्या वर्गातील एकट्या पुरुषांना दिलेली होती. तेव्हाची सर्वांत स्वस्त बाजू आज वरच्या मजल्यांवर सर्वांत महाग झाली आहे. समुद्र तोच आहे, बदल झाला तो खिडकीच्या मोलात.

पश्चिम किनाऱ्यावर वाऱ्याचाही हिशेब करावा लागतो. पावसाळ्यानंतर येथे वारा प्रामुख्याने उत्तरेकडून-वायव्येकडून असतो आणि दुपारनंतर त्याचा जोर वाढतो. गोव्याकडे जाताना तो जहाजाच्या मागून येतो, परतताना तोंडावर. जहाजाचा स्वतःचा वेग ताशी ३० किलोमीटरच्या आसपास धरला आणि त्यात तितकाच समोरचा वारा मिळवला, तर पुढच्या बाल्कनीत ६० किलोमीटरचा झोत येतो. अशा वेळी दार उघडणेही कठीण होते, खुर्ची टाकून चहा घेणे दूरच. वारा फार वाढल्यास या बाल्कन्या बंदच ठेवायला सांगतात. जातानाचा आराम पाहून परतीचा अंदाज बांधू नये तो यामुळेच. हंगामाच्या दोन टोकांना, विशेषतः मेच्या उत्तरार्धात, नाळेकडची खोली न घेणेच शहाणपणाचे.

आवाजाचाही विचार हवा. नांगराची साखळी नाळेतच असते आणि बंदरात शिरताना जहाज आडवे सरकवणारे पंखेही तेथेच, पाण्याखाली. पहाटे पाचला त्यांची घरघर सुरू झाली की खालच्या डेकवरच्या प्रवाशाची झोप संपते. वरच्या डेकवर हा त्रास कमी, पण हेलकाव्याबरोबर डोलणेही जास्त. यातून पूर्ण सुटका नाही.

वृद्ध सोबत असतील तर चालण्याचे अंतर पाहावे. अनेक जहाजांवर मुख्य भोजनकक्ष पिछाडीकडे असतो. पुढच्या सूटमधून तेथवर अरुंद बोळातून शे-दीडशे मीटर चालणे, तेही दिवसातून तीनदा, गुडघेदुखी असलेल्यांना जड जाते. ज्यांना घाटात एसटी लागते त्यांना बोटही लागण्याचा संभव अधिक असतो. त्यावरील गोळी डॉक्टरांना विचारून, त्रास सुरू होण्यापूर्वीच घ्यायची असते. अशा कुटुंबाने मधल्या भागातील, फार वर नसलेल्या डेकवरची बाल्कनीची खोली घ्यावी. समोरचे दृश्य पाहण्यासाठी पुढचा उघडा डेक किंवा काचेचे दालन अनेक जहाजांवर सर्वांना खुले असते. तेथे जायला सूट लागत नाही.

एजंटकडे पैसे देण्यापूर्वी डेकचा नकाशा मागावा आणि खोलीचा क्रमांक लेखी घ्यावा. केवळ वर्ग ठरवून खोली कंपनीने नंतर द्यायची, अशीही एक स्वस्त योजना असते. तिच्यात ‘पुढचा सूट’ म्हणून कोपऱ्यातील, बाजूला तोंड असलेली खोली वाट्याला येऊ शकते. खिडकी उघडते की बंद काच आहे, बाल्कनीचा कठडा काचेचा आहे की दृश्य अडवणारा लोखंडी, बंदर शुल्क, कर आणि सेवाशुल्क दरात धरले आहे की वेगळे, रद्द केल्यास किती रक्कम परत मिळेल, हे विचारण्यात संकोच नको. दर बहुधा एका खोलीत दोघे धरून माणशी सांगितलेला असतो, हेही लक्षात असावे.

मग हा सूट घ्यावा तरी कोणी? ज्यांना बोट लागत नाही आणि ज्यांच्या सफरीत जहाज दिवसाउजेडी चालते त्यांनी. लक्षद्वीपकडच्या लांब सफरीत पूर्ण दिवस समुद्रावर जातो, तेथे पैसे काही प्रमाणात वसूल होतात. अलास्कात हिमनद्यांसमोर किंवा नॉर्वेच्या डोंगरांमधल्या चिंचोळ्या खाड्यांत जहाज सावकाश, शांत पाण्यातून जाते. तेथे तर पुढची काच हीच खरी जागा. नॉर्वेच्या उत्तर टोकाला उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही, त्यामुळे पडद्याच्या नियमाला कारणही उरत नाही. मुलांनी परदेशी सफरीचे पैसे साठवलेच असतील, तर या सूटचा विचार तेव्हा करावा.

मुंबईच्या सफरीतच तो घेतला, तर परतीची पहाट चुकवू नये. खोलीतील सर्व दिवे मालवून, कर्मचाऱ्यांची परवानगी घेऊन पडदा सारला, की खांदेरीवरील कान्होजी आंग्रे दीपगृह आणि पुढे कुलाब्याच्या टोकाचा प्राँग्ज दिवा दिसतो. बंदराच्या वाटेवर डाव्या हाताला तांबडे आणि उजव्या हाताला हिरवे तरंगते दिवे लागतात. त्यानंतर खोली लवकर रिकामी करावी लागते, म्हणून सामान आदल्या रात्रीच बांधून ठेवावे. बॅलार्ड पिअरहून टॅक्सीने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस जवळ आहे, आणि सकाळी बदलापूर-कर्जतकडे जाणाऱ्या लोकलला उलट दिशेइतकी गर्दी नसते. जाण्याचा दिवस रविवार असेल तर मात्र मेगाब्लॉकची सूचना आधी वाचून, विठ्ठलवाडीहून नेहमीपेक्षा दोन तास लवकर निघावे. तपासणी कक्ष जहाज सुटण्याच्या बराच आधी बंद होतो.