झारचे पोलाद, शेतकऱ्याचे धान्य

दिमित्री मेंडेलीव्ह हे नाव रसायनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकामुळे सर्वांना परिचित असते. मूलद्रव्यांची आवर्त सारणी मांडणाऱ्या या शास्त्रज्ञाने रशियन साम्राज्याच्या १८९१ च्या जकात दरपत्रकाच्या आखणीतही मोठा वाटा उचलला होता, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. परदेशी लोखंड, कोळसा आणि यंत्रे यांवर जबर आयात शुल्क बसवून देशी कारखानदारीला आडोसा द्यायचा, हा त्यामागील विचार होता.

क्रांतिपूर्व रशियाविषयी दोन कथा प्रचलित आहेत. पहिलीत तो लाकडी नांगराचा, काळ गोठलेला देश असतो आणि कारखाने येतात ते थेट १९१७ नंतर. दुसरीत तो सुबत्तेच्या उंबरठ्यावर पोहोचलेला असतो आणि त्याचा घात केवळ महायुद्ध करते. पहिली कथा आकडेच खोडून काढतात. १८९० मध्ये रशियातील कच्च्या लोखंडाचे उत्पादन सुमारे ९ लाख टन होते. १९०० मध्ये ते सुमारे २९ लाख टनांवर गेले. त्याच दहा वर्षांत लोहमार्गांची लांबी सुमारे ३० हजार किलोमीटरवरून ५० हजारांच्या पुढे सरकली. दुसरी कथा अधिक फसवी आहे, कारण तिच्यात अर्धे सत्य आहे. वाढ खरीच होती. ती कोणाच्या खर्चाने झाली, हे विचारले की ती कथा डळमळू लागते.

१८६१ मध्ये भूदासांना मुक्ती मिळाली, पण जमीन फुकट मिळाली नाही. जमीनदारांना सरकारने मोबदला दिला आणि तो शेतकऱ्यांकडून ४९ वर्षांच्या हप्त्यांनी वसूल करण्याचे ठरवले. हप्त्यांची जबाबदारी व्यक्तीवर नव्हे, तर ‘मीर’ नावाच्या गावसंस्थेवर सामूहिकपणे होती. साहजिकच, एखाद्याला गाव सोडून शहरात जायचे तर परवाना लागे. तो गेला तर त्याचा वाटा उरलेल्यांनी भरायचा.

या व्यवस्थेचा पुरेपूर उपयोग इव्हान व्हिश्नेग्राद्स्की या अर्थमंत्र्याने केला. कर शरद ऋतूतच, म्हणजे पीक हाती येताक्षणी, सक्तीने वसूल होऊ लागले. सगळा गाव एकाच वेळी धान्य विकायला निघाला की भाव पडतात. पडलेल्या भावाने घेतलेले धान्य काळ्या समुद्रावरील बंदरांतून युरोपात जाई आणि तिजोरीत सोने जमा होई. स्वतः अर्धपोटी राहू, पण निर्यात करू, अशा आशयाचे उद्गार त्याच्या नावावर सांगितले जातात. ‘स्वतः’ या शब्दात अर्थमंत्री अर्थातच मोडत नव्हता. १८९१ मध्ये व्होल्गाच्या खोऱ्यात पीक बुडाले, तेव्हा कोठारांत शिल्लक असे काही नव्हते. निर्यातबंदी आली, पण उशिरा. दुष्काळ आणि पाठोपाठ आलेला कॉलरा व टायफस यांनी सुमारे चार लाख बळी घेतल्याचा अंदाज केला जातो.

व्हिश्नेग्राद्स्की १८९२ मध्ये पायउतार झाला. त्याचे धोरण मात्र टिकले. त्याच्या जागी आलेला सर्गेई विट्टे रेल्वेच्या नोकरीतून वर चढलेला माणूस होता आणि रुळांची ताकद तो जाणून होता. सायबेरियापार जाणारा लोहमार्ग त्याने नेटाने पुढे रेटला. १८९७ मध्ये रूबल सोन्याशी जोडला गेला आणि परदेशी भांडवलदारांची धास्ती ओसरली. फ्रेंच, बेल्जियन, ब्रिटिश पैसा दक्षिणेकडे वाहू लागला. तेथे दोन्येत्स खोऱ्यात जॉन ह्यूज या वेल्श उद्योजकाने आधीच पोलादाचा कारखाना उभारला होता. त्याच्याच नावावरून ‘युझोव्का’ म्हणवले गेलेले ते गाव म्हणजे आजचे दोनेत्स्क. बाकूच्या तेलविहिरींवर नोबेल बंधूंनी जम बसवला. १९०१ च्या सुमारास जगातील जवळजवळ निम्मे खनिज तेल रशियातून निघत होते आणि तेथील घासलेट मुंबईच्या बाजारातही येत होते.

विट्टेने दारूविक्रीही सरकारच्या हाती घेतली. पुढे राज्याच्या उत्पन्नाचा सुमारे पाव हिस्सा व्होडकातून येऊ लागला. शेतकरी कर भरी, महागडे देशी लोखंड घेई, आणि दुःख विसरायला प्यायला तरी पैसा सरकारलाच जाई. विट्टेला याची जाणीव नव्हती असे नाही. १८९९ मध्ये झारला सादर केलेल्या गुप्त टिपणात त्याने या धोरणाचा भार जनतेवर पडत असल्याचे मान्य केले. उद्योग वाढले की माल स्वस्त होईल, तोवर सोसणे भाग आहे, हा त्याचा युक्तिवाद.

सोसणारे आता शहरांतही जमले होते. इंग्लंडमध्ये लहान कारखान्यांचे मोठे होण्यास पिढ्या लागल्या. रशियात राज्याच्या मागण्या आणि परदेशी यंत्रे यांमुळे प्रचंड कारखाने एकदमच उभे राहिले. पीटर्सबर्गच्या पुतिलोव्ह कारखान्यात १९०५ मध्ये सुमारे १२ हजार कामगार होते. एकेका आवारात गावाएवढी माणसे, अनेकांचे कुटुंब व जमिनीचा तुकडा अजून खेड्यात, आणि तक्रार मांडण्यास कोणतीही कायदेशीर वाट नाही. १९०५ पर्यंत संप हा गुन्हा होता, कामगार संघटनांना १९०६ पर्यंत मान्यता नव्हती. मजुरीचा वाद उफाळला की कारखानदार पोलिसांना बोलावी, आणि भांडण मालकाशी न राहता झारशी होई. डिसेंबर १९०४ मध्ये पुतिलोव्हमधील चार कामगारांच्या बडतर्फीचा तंटा निघाला. जानेवारीत हिवाळी राजवाड्याकडे अर्ज घेऊन निघालेल्या मिरवणुकीवर गोळीबार झाला, तो त्याच तंट्याच्या पोटातून.

ते वर्ष राजवटीने कसेबसे निभावले. जमिनीचे हप्ते रद्द झाले, १९०६ मध्ये फ्रान्सच्या पुढाकाराने अवाढव्य कर्ज मिळाले आणि काही वर्षांनी कारखाने पुन्हा धडधडू लागले. दुसरी कथा सांगणारे नेमके याच वर्षांवर बोट ठेवतात. पण या इमारतीचे खांब जुनेच होते.

पीटर्सबर्गचे कारखाने समुद्रमार्गे येणाऱ्या ब्रिटिश कोळशावर चालत. १९१४ मध्ये युद्ध सुरू झाले, बाल्टिक समुद्राची वाट बंद झाली आणि कोळसा हजार मैलांहून अधिक दूर असलेल्या दोन्येत्स खोऱ्यातून रेल्वेने आणावा लागला. त्याच रुळांवरून सैनिक, तोफगोळे आणि राजधानीचे धान्यही जायचे होते. सरकारने त्याच वर्षी दारूबंदी केली आणि आपल्याच उत्पन्नाचा मोठा झरा आपल्या हाताने बुजवला. तूट भरायला नोटा छापल्या. त्या नोटांनी विकत घेण्याजोगा माल कारखान्यांतून येईना, कारण ते दारूगोळ्यात गुंतले होते. मग शेतकऱ्यानेही धान्य बाजारात आणण्याचा हात आखडला.

फेब्रुवारी १९१७ मध्ये पेट्रोग्राडमध्ये पावासाठी रांगा लागल्या होत्या. पुतिलोव्ह कारखाना तोवर सरकारच्याच ताब्यात गेला होता. जुन्या रशियन पंचांगाप्रमाणे २२ तारखेला तेथे टाळेबंदी जाहीर झाली. दुसऱ्या दिवशी वीबोर्ग भागातील कापड गिरण्यांतल्या स्त्रिया काम सोडून रस्त्यावर आल्या आणि शेजारच्या धातुकारखान्यांपुढे जाऊन आतल्या कामगारांना हाका मारू लागल्या. नोबेल घराण्याच्या यंत्रकारखान्यातील कामगार त्या हाका ऐकून बाहेर पडले.