रामलिंग राजू : विश्वासाच्या भांडवलावर उभारलेले साम्राज्य

७ जानेवारी २००९. शेअर बाजाराचे व्यवहार सुरू असतानाच हैदराबादच्या 'सत्यम कॉम्प्युटर सर्व्हिसेस' या कंपनीचे एक पत्र बाजारात पोहोचले. कंपनीचे संस्थापक आणि अध्यक्ष बी. रामलिंग राजू यांनी ते संचालक मंडळाला लिहिले होते. कंपनीच्या ताळेबंदात दाखवलेली हजारो कोटी रुपयांची रोकड प्रत्यक्षात अस्तित्वातच नाही, अशी कबुली त्यांनी या पत्रात दिली होती. आदल्या दिवशी १७९ रुपयांच्या आसपास असलेला 'सत्यम'चा समभाग त्या एका दिवसात ४० रुपयांवर कोसळला. सेन्सेक्स सुमारे साडेसातशे अंशांनी घसरला. देशातील चौथ्या क्रमांकाची सॉफ्टवेअर कंपनी म्हणून मिरवणाऱ्या 'सत्यम'च्या ५० हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांना पुढच्या महिन्याचा पगार मिळेल की नाही, याचीही शाश्वती उरली नाही.

भारतातील माहिती तंत्रज्ञान उद्योगाच्या इतिहासात राजू यांच्याइतका वादग्रस्त उद्योजक दुसरा झालेला नाही. वरकरणी ही हिशेबातील फसवणुकीची गोष्ट दिसते. मात्र तिच्या मुळाशी एका माणसाची सॉफ्टवेअरपलीकडे धावणारी महत्त्वाकांक्षा होती, आणि ती रोखण्याची जबाबदारी ज्यांच्यावर होती त्यांनी ठेवलेला आंधळा विश्वासही होता.

भीमावरम ते ओहायो

राजू यांचा जन्म १९५४ साली आंध्र प्रदेशातील पश्चिम गोदावरी जिल्ह्यात एका सधन शेतकरी कुटुंबात झाला. विजयवाड्याच्या आंध्र लोयोला महाविद्यालयातून वाणिज्य शाखेची पदवी घेतल्यावर त्यांनी अमेरिकेतील ओहायो विद्यापीठातून व्यवसाय व्यवस्थापनाची पदवी मिळवली. १९७७ साली ते मायदेशी परतले. सूतगिरणी, हॉटेल, बांधकाम असे व्यवसाय त्यांनी करून पाहिले. संगणकाशी त्यांचा संबंध त्यानंतरचा.

१९८७ साली जेमतेम २० कर्मचाऱ्यांना घेऊन 'सत्यम'ची स्थापना झाली. त्या काळी संगणकाचे काम परदेशातून मिळवून भारतात बसून करता येईल, यावर फारसा कोणाचा विश्वास नव्हता. १९९१ साली अमेरिकेतील शेती-अवजारांची बडी कंपनी 'जॉन डीअर' हिचे काम 'सत्यम'ला मिळाले आणि कंपनीचे नशीब पालटले. १९९२ साली कंपनीने भागविक्री केली. पाठोपाठ उदारीकरणाचे वारे आले, शतकाच्या अखेरीस 'वायटूके'ची धास्ती आली. जुन्या संगणक प्रणालींतील वर्षाचे आकडे दुरुस्त करण्यासाठी पाश्चात्त्य कंपन्यांना हजारो अभियंते हवे होते, आणि ते पुरवण्याची तयारी 'सत्यम'सारख्या कंपन्यांनी केलेली होती.

१९९९ साली 'सत्यम'ची उपकंपनी 'सत्यम इन्फोवे', म्हणजेच 'सिफी', अमेरिकेच्या नॅस्डॅक बाजारात नोंदली गेली. त्याच वर्षी तिने मुंबईतील 'इंडियावर्ल्ड' हा संकेतस्थळांचा समूह ४९९ कोटी रुपयांना विकत घेण्याचा करार केला, तेव्हा मराठी वाचकांनीही तोंडात बोटे घातली होती. २००१ साली 'सत्यम'चे समभाग न्यूयॉर्क शेअर बाजारात पोहोचले. चंद्राबाबू नायडू यांच्या काळात हैदराबादला 'सायबराबाद' ही नवी ओळख मिळाली, त्या ओळखीचा चेहरा म्हणजे मितभाषी, विनम्र वागणुकीचे रामलिंग राजू.

दोन मुखवटे नव्हेत, दोन चेहरे

राजू यांना निव्वळ ठग ठरवून मोकळे होता येत नाही, याचे एक कारण त्यांचे सामाजिक काम. वडिलांच्या स्मरणार्थ त्यांनी २००१ साली 'बिर्राजू फाउंडेशन' सुरू केले. गोदावरी परिसरातील खेड्यांत पिण्याचे पाणी, आरोग्य आणि शिक्षण या क्षेत्रांत संस्थेने काम केले. २००५ साली आंध्र प्रदेशात सुरू झालेली '१०८' ही तातडीची रुग्णवाहिका सेवाही राजू यांच्याच पुढाकारातून उभी राहिली. दूरध्वनी, संगणक आणि वाहनांचे जाळे एकत्र बांधणारी ही व्यवस्था पुढे अनेक राज्यांनी स्वीकारली. घोटाळ्यानंतर 'जीव्हीके' समूहाने तिची धुरा घेतली. '१०८' हा क्रमांक आज देशाच्या मोठ्या भागात घरोघरी ठाऊक आहे, त्यामागचे नाव मात्र कोणी घेत नाही.

जमिनीची ओढ

राजू यांचे खरे स्वप्न मात्र जमिनीचे होते. 'सत्यम' या नावाची इंग्रजी अक्षरे उलट क्रमाने वाचली की 'मेटास' हे नाव तयार होते. राजू कुटुंबाच्या 'मेटास इन्फ्रा' आणि 'मेटास प्रॉपर्टीज' या दोन कंपन्या त्यांचे पुत्र सांभाळत होते. रस्ते, बंदरे, वसाहती असा त्यांचा पसारा होता. हैदराबादच्या आसपास जमिनीचे भाव चढत असताना राजू परिवाराशी संबंधित तीनशेहून अधिक कंपन्यांच्या नावे हजारो एकर जमीन घेतली गेली, असे तपास यंत्रणांनी पुढे म्हटले.

या महत्त्वाकांक्षेचा कळस म्हणजे हैदराबाद मेट्रो. बहुतेक शहरांत मेट्रो उभारायची तर सरकारला खासगी कंपनीच्या हातावर अनुदान ठेवावे लागते. २००८ साली 'मेटास'च्या नेतृत्वाखालील समूहाने उलटाच प्रस्ताव दिला. अनुदान तर नकोच, वर आपणच ३५ वर्षांत सरकारला ३०,३११ कोटी रुपये देऊ, असे त्यांनी सांगितले. दिल्ली मेट्रोचे शिल्पकार ई. श्रीधरन यांनी तेव्हाच धोक्याची घंटा वाजवली. हा व्यवहार रेल्वेचा नसून मेट्रोलगतच्या जमिनींचा आहे, असा त्यांच्या आक्षेपाचा रोख होता. राज्य सरकारने श्रीधरन यांचे म्हणणे तपासून पाहण्याऐवजी त्यांनाच बदनामीच्या खटल्याचा इशारा दिला. २००९ साली हा करार रद्द झाला आणि पुढे 'लार्सन अँड टुब्रो'ने हे काम केले.

आकड्यांचा वाघ

कबुलीपत्रातील आकडे आजही थक्क करतात. सप्टेंबर २००८ अखेरच्या ताळेबंदात ५,३६१ कोटी रुपयांची रोकड व बँक शिल्लक दाखवली होती, त्यातील ५,०४० कोटी रुपये खोटे होते. या नसलेल्या ठेवींवर ३७६ कोटी रुपयांचे नसलेले व्याजही जमा धरले होते. १,२३० कोटी रुपयांचे देणे हिशेबात घेतलेच नव्हते, तर येणे ४९० कोटींनी फुगवलेले होते. त्या तिमाहीतील कामकाजाचा नफा ६४९ कोटी रुपये, म्हणजे उत्पन्नाच्या २४ टक्के दाखवला गेला. प्रत्यक्षात तो अवघा ६१ कोटी, म्हणजे ३ टक्के होता.

हे कसे साधले? तपासानुसार ग्राहकांच्या नावे सात हजारांहून अधिक बनावट बिले संगणकात तयार करण्यात आली. बिलाचे पैसे आले असे दाखवायचे तर ते बँकेतही दिसायला हवेत, म्हणून बँकांची खोटी पत्रे आणि मुदत ठेवींच्या खोट्या पावत्या तयार झाल्या. एका तिमाहीचे खोटे उत्पन्न पुढच्या तिमाहीत आणखी वाढवून दाखवावे लागे, कारण वाढ खुंटली असती तर बाजाराने प्रश्न विचारले असते. सुरुवातीला हे अंतर किरकोळ होते, पण वर्षागणिक ते आवाक्याबाहेर गेले, असे राजू यांनी लिहिले. आपली अवस्था वाघावर स्वार झालेल्या माणसासारखी झाली होती, खाली उतरावे तर वाघ खाणार, ही त्यांची उपमा तेव्हा सर्वतोमुखी झाली.

उतरण्याचा एक प्रयत्न त्यांनी केला होता. १६ डिसेंबर २००८ रोजी 'सत्यम'च्या संचालक मंडळाने दोन्ही 'मेटास' कंपन्यांतील हिस्सा १६० कोटी डॉलरना घेण्याचे ठरवले. 'सत्यम'ने राजू कुटुंबाला कागदावरची रोकड द्यायची आणि बदल्यात खऱ्या जमिनी घ्यायच्या. हा व्यवहार पार पडता तर ताळेबंदातील खोटी मालमत्ता खऱ्या मालमत्तेने भरून निघाली असती आणि कदाचित कोणाला काही कळलेही नसते. परंतु गुंतवणूकदार खवळले आणि काही तासांतच निर्णय मागे घ्यावा लागला. राजू यांनी गहाण ठेवलेले समभाग कर्ज देणाऱ्यांनी विकायला काढले. जागतिक बँकेने 'सत्यम'वर घातलेली आठ वर्षांची बंदी उघड झाली. स्वतंत्र संचालकांनी एकामागून एक राजीनामे दिले. तीन आठवड्यांत सारे संपले.

कुंपणाने काय केले?

'सत्यम'च्या संचालक मंडळावर हार्वर्डचे प्राध्यापक कृष्णा पालेपू, 'पेंटियम' चिपशी ज्यांचे नाव जोडले जाते ते विनोद धाम आणि 'इंडियन स्कूल ऑफ बिझनेस'चे तत्कालीन अधिष्ठाता एम. राममोहन राव अशी नामवंत मंडळी होती. लेखापरीक्षणाचे काम जगातील चार बड्या संस्थांपैकी एकीच्या भारतीय शाखेकडे, 'प्राइस वॉटरहाउस'कडे होते. २००८ साली उत्तम कारभारासाठीचा 'गोल्डन पीकॉक' पुरस्कारही 'सत्यम'ला मिळाला होता. तो नंतर काढून घेण्यात आला.

इतक्या मोठ्या मंडळींच्या डोळ्यांदेखत हे घडले, कारण एक साधे काम नीट झाले नाही. ठेवी खरोखर आहेत का, हे बँकांकडून स्वतंत्रपणे पडताळून पाहायला हवे होते. त्याऐवजी कंपनीने पुढे केलेल्या कागदांवर विश्वास ठेवला गेला. बँकेत हजारो कोटी पडून असताना कंपनी कर्जे का घेते, हा प्रश्नही जोरकसपणे कोणी विचारला नाही.

कंपनी वाचली

कबुलीनंतर दोनच दिवसांत राजू यांना अटक झाली. केंद्र सरकारने संचालक मंडळ बरखास्त करून किरण कर्णिक, दीपक पारेख आणि सी. अच्युतन यांना नेमले आणि नंतर आणखी तीन सदस्य घेतले. त्यांनी बँकांकडून कर्ज उभारून पगार भागवले, ग्राहकांना धीर दिला आणि खरेदीदाराचा शोध घेतला. एप्रिल २००९ मध्ये पुण्यात मुख्यालय असलेल्या 'टेक महिंद्र'ने प्रतिसमभाग ५८ रुपये बोली लावून 'लार्सन अँड टुब्रो'ला मागे टाकले. कंपनीचे नाव 'महिंद्र सत्यम' झाले आणि २०१३ साली ती 'टेक महिंद्र'मध्ये विलीन झाली.

शंभर दिवसांच्या आत झालेली ही सुटका सहज शक्य झाली नसती. हिशेब खोटे असले तरी ग्राहक खरे होते, अभियंते खरे होते आणि त्यांचे कामही खरे होते. राजू यांनी जे खरोखर उभारले होते, त्यानेच त्यांच्या पश्चात कंपनीला तारले.

न्याय आणि नुकसान

सुमारे पावणेतीन वर्षे कोठडीत काढल्यावर नोव्हेंबर २०११ मध्ये राजू यांना सर्वोच्च न्यायालयाकडून जामीन मिळाला. ९ एप्रिल २०१५ रोजी हैदराबादच्या विशेष न्यायालयाने राजू, त्यांचे बंधू बी. रामा राजू आणि 'प्राइस वॉटरहाउस'च्या दोन माजी भागीदारांसह दहा जणांना दोषी ठरवले. राजू यांना सात वर्षांची शिक्षा आणि पाच कोटींहून अधिक दंड झाला. महिनाभरातच अपिलावरील सुनावणीपर्यंत ही शिक्षा स्थगित झाली आणि त्यांची जामिनावर सुटका झाली.

कंपनीतून आपण एक रुपयाही घेतला नाही, असे राजू यांनी कबुलीपत्रात म्हटले होते. 'सेबी'ने २०१४ साली वेगळा निष्कर्ष काढला. फुगवलेल्या भावाने समभाग विकून आणि गहाण ठेवून मिळवलेले १,८४९ कोटी रुपये व्याजासह परत करण्याचा आदेश राजू व इतर चौघांना देण्यात आला, शिवाय त्यांना १४ वर्षे भांडवली बाजारातून बाद करण्यात आले. ही रक्कम नंतरच्या अपिलांत बदलत गेली. 'प्राइस वॉटरहाउस'वर २०१८ साली घातलेली दोन वर्षांची बंदी रोखे अपील लवादाने २०१९ साली रद्द केली.

सर्वांत मोठी विषमता सामान्य भागधारकांच्या वाट्याला आली. अमेरिकेतील गुंतवणूकदारांनी सामूहिक दावा लावला आणि २०११ साली 'सत्यम'कडून १२ कोटी ५० लाख डॉलर, तर लेखापरीक्षक संस्थेकडून २ कोटी ५५ लाख डॉलर भरपाईची तडजोड पदरात पाडून घेतली. आयुष्याची पुंजी याच समभागांत गुंतवलेल्या भारतीय गुंतवणूकदारापुढे असा मार्गच नव्हता. तो २०१३ च्या कंपनी कायद्याने खुला केला. लेखापरीक्षक ठराविक मुदतीनंतर बदलण्याची सक्ती आणि स्वतंत्र संचालकांची स्पष्ट कर्तव्ये हीदेखील याच कायद्याची देणगी. प्रवर्तकांनी गहाण ठेवलेले समभाग जाहीर करण्याचे बंधन 'सेबी'ने २००९ च्या जानेवारीतच घातले. २०१८ साली लेखापरीक्षकांवर देखरेख ठेवणारे राष्ट्रीय प्राधिकरण स्थापन झाले.

कायदे बदलले, तरी त्यांची किंमत आधीच मोजली गेली होती. ती मोजणाऱ्यांत ताळेबंद खरा मानून समभाग घेणारा लहान गुंतवणूकदार सर्वांत पुढे होता, आणि त्या ताळेबंदातील ठेवींची बँकेकडे खातरजमा करण्याचे साधन त्याच्या हाती कधीच नव्हते. ज्यांच्या हाती ते होते, त्यांनी ते वापरले नाही.

दृष्टिक्षेपात

१९८७ : 'सत्यम'ची स्थापना
१९९२ : भागविक्री
२००१ : न्यूयॉर्क शेअर बाजारात नोंदणी
१६ डिसेंबर २००८ : 'मेटास' खरेदीचा निर्णय आणि माघार
७ जानेवारी २००९ : राजू यांची कबुली
एप्रिल २००९ : 'टेक महिंद्र'ची बोली यशस्वी
जून २०१३ : 'टेक महिंद्र'मध्ये विलीनीकरण
९ एप्रिल २०१५ : विशेष न्यायालयाचा निकाल
मे २०१५ : शिक्षेला स्थगिती, जामीन