पार्करच्या हाती टेनर

१/ चार्ली पार्कर म्हटले की आल्टो सॅक्सोफोन आठवतो. परंतु १४ ऑगस्ट १९४७ रोजी न्यूयॉर्कमध्ये सॅव्हॉय कंपनीच्या ध्वनिमुद्रणात त्याच्या हाती टेनर होता. २१ वर्षांच्या माइल्स डेव्हिसचे वाद्यवृंदनायक म्हणून ते पहिलेच ध्वनिमुद्रण. ‘हाफ नेल्सन’ त्यातलीच रचना.

२/ टेनर पार्करला परका नव्हता. १९४२-४३ च्या सुमारास अर्ल हाइन्सच्या वाद्यवृंदात आल्टोच्या जागा भरलेल्या असल्याने तो टेनरच वाजवत असे. दोन्ही वाद्यांवर बोटांची ठेवण सारखीच. मात्र टेनरची नळी मोठी, स्वर खालचा आणि दमाची मागणी अधिक.

३/ ३० जानेवारी १९५३ रोजी डेव्हिससोबतच, प्रेस्टिज कंपनीसाठी, तो पुन्हा टेनरकडे वळला. शेजारी दुसरा टेनर सनी रोलिन्सचा. पार्कर अन्य कंपनीशी करारबद्ध असल्याने त्याची नोंद ‘चार्ली चॅन’ या टोपणनावाने झाली. हे ध्वनिमुद्रण १९५६ मध्ये ‘कलेक्टर्स आयटम्स’ या तबकडीवर आले. पार्कर १९५५ मध्येच निवर्तला होता.

४/ वाद्य निराळे, नावही निराळे. तरीही स्वरवाक्यांची वळणे आणि लयीशी चाललेला खेळ वादकाची ओळख पटवून देतात. कराराने नाव बांधता आले. वाजवण्याची ढब मोकळीच राहिली.