तलफ गेटवर का येते?

मंडळी, ह्या वीकएंडला विषय जरा धुराचा.

तेल अवीवच्या काही मानसशास्त्रज्ञांनी २०१० साली एक छान अभ्यास छापला. विमानात काम करणाऱ्या, सिगारेट ओढणाऱ्या लोकांना त्यांनी प्रवासभर विचारलं, आत्ता तलफ किती आहे? काही फ्लाईट्स ३ ते साडेपाच तासांच्या, काही ८ ते १३ तासांच्या. तलफ नुसती निकोटिन कमी झाल्यानं येत असती तर लांबच्या प्रवासात ती बिचारे वेडेच झाले असते. पण दोन्हीकडे तलफ चढली ती विमान उतरायला आलं तेव्हा. म्हणजे छोट्या फ्लाईटमध्ये चौथ्या-पाचव्या तासाला जीव कासावीस, आणि लांबच्या फ्लाईटमध्ये त्याच तासाला माणूस निवांत!

हे वाचल्यावर मला आमचा चिंचोळी एमआयडीसीतला दोस्त आठवला. केमिकल प्लांटमध्ये आहे, आत काडीपेटी न्यायलाही बंदी. आठ तास गडी मजेत असतो. शिफ्ट सुटायला वीस मिनिटं राहिली की घड्याळाकडे नजर. सिगारेट सोडायचा दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा गेटबाहेरच्या टपरीवर विकेट पडली. "आपल्यात विलपॉवरच नाही बे," हे त्याचं स्वतःबद्दलचं निदान. मला ते चुकीचं वाटतं. ह्या विषयाचा इतिहासही माझ्या बाजूनं आहे.

१९६० च्या आसपास अमेरिकेत मॅकफार्लंड नावाचे डॉक्टर आणि फोल्केनबर्ग नावाचे पाद्री ह्यांनी 'पाच दिवसांत सिगारेट सोडा' असा वर्ग सुरू केला. भरपूर पाणी प्या, खोल श्वास घ्या, जेवणानंतर खुर्चीत न बसता चालायला जा, कॉफी बंद. आज डॉक्टर सांगतात ते 'थांबा, श्वास घ्या, पाणी प्या, दुसरं काहीतरी करा' जवळपास हेच.

मग १९७० च्या दशकात एक अघोरी प्रकार आला. ओरेगॉनच्या लिक्टेनस्टाइन ह्यांनी लोकांना दर सहा सेकंदांना एक झुरका मारायला लावला, अगदी नकोसं होईपर्यंत. सिगारेटची किळस बसावी हा हेतू. काही जणांना गुणही आला, पण हृदयावरच्या ताणाची भीती होती. शिक्षा देऊन सवय मोडायची ही कल्पना मला तरी आपल्या जुन्या मास्तरांच्या छडीसारखी वाटते. असो.

खरा बदल केला तो सिएटलच्या अॅलन मार्लट ह्यांनी. गॉर्डन ह्यांच्याबरोबरचं त्यांचं पुस्तक १९८५ चं. त्यांनी विचारलं, सोडलेला माणूस परत कुठे, कधी, कुणाबरोबर ओढतो? टपरी, चहा, साहेबाशी भांडण, मित्रांचा घोळका. ही यादी आधी करा आणि प्रत्येकावर तोड आधीच ठरवा. दुसरं, एक ओढली म्हणून "आता सगळं गेलं" असं मानणं हेच माणसाला पूर्ण पाकिटापर्यंत नेतं. आणि तिसरी त्यांची लाटेची कल्पना: तलफ चढते आणि काही मिनिटांत ओसरते, तिच्याशी झटापट न करता नुसतं बघत राहायचं. २००९ मध्ये त्यांनी आणि बोवेन ह्यांनी १२३ कॉलेजच्या मुलामुलींवर हे करून पाहिलं. गंमत म्हणजे शिकवलेल्यांची तलफ कमी झाली नाही. पण पुढच्या आठवड्यात त्यांनी सिगारेटी मात्र कमी ओढल्या.

आपल्याकडे आरोग्य मंत्रालय आणि डब्ल्यूएचओनं २००२ साली १३ व्यसनमुक्ती क्लिनिक्स काढली, त्यात परळचं टाटा हॉस्पिटल होतं. सिगारेटवाले आणि तंबाखू मळणारे, दोघांसाठी. पहिल्या पाच वर्षांत ३४ हजारांवर लोकांची नोंद झाली, आणि साधारण दोन तृतीयांश लोकांना औषध न देता फक्त समुपदेशन आणि सवयी बदलायचे उपाय दिले गेले. सहा आठवड्यांनी सुमारे १४ टक्के लोकांनी पूर्ण सोडलं होतं. आकडा लहान वाटतो ना? पण उरलेल्यांत निम्म्याहून जास्त कमी करणारेही बरेच होते. ज्यांना गोळी किंवा निकोटिनचं च्युइंगगम लागतं त्यांनी ते डॉक्टरला विचारून जरूर घ्यावं, त्यात कमीपणा नाही.

२०१६ पासून सरकारची क्विटलाईन आहे, १८००-११-२३५६, फोन फुकट. २०१८ मध्ये टाटा हॉस्पिटलही तिला जोडलं गेलं. त्याच वर्षी सप्टेंबरपासून हा नंबर सिगारेटच्या पाकिटांवरच छापायला लागले, त्या भयंकर फोटोबरोबर. टपरीवर पाकीट घेताना फोटोवरून नजर फिरवली की नंबरही राहून जातो.