वसईचे दोन तह आणि एक व्हिडिओ कॉल

चालता चालता ऐकताय ना? मग बरंय, कारण आजचा एपिसोड मला चालतानाच सुचला. रोज सकाळी मी आमच्या भुऱ्याला घेऊन पारनाक्यावरून वसईच्या किल्ल्यात जाते. भुऱ्या प्रत्येक पडक्या भिंतीची चौकशी करतो, मी एका कानात इअरफोन घालून गाणी ऐकते. दुसरा कान मोकळा, कारण भुऱ्याचा काही भरवसा नाही.

कोल्डप्लेच्या 'हिम फॉर द वीकेंड'चा व्हिडिओ २०१६ साली आला. त्याचं थोडं शूटिंग याच किल्ल्यात झालंय, बरं का! त्याच बँडचे नवी मुंबईतले शो जानेवारी २०२५ मध्ये ठरले, तेव्हा तिकिटं बघता बघता संपली आणि सोशल मीडियावर खोट्या तिकिटांचा बाजार भरला. ऑक्टोबर २०२४ मध्ये ईडीला त्यासाठी छापे घालावे लागले. 'दोनच उरलीत, आत्ता पैसे टाका' एवढं वाक्य पुरत होतं.

तिथे हाव होती आणि घाई होती. पण भीतीचं जाळं जास्त घट्ट असतं. आणि गंमत बघा, आपल्या वसईच्या नावाचे इतिहासात जे दोन गाजलेले तह आहेत, ते दोन्ही घाबरलेल्या राजांनी केलेले आहेत.

पहिला डिसेंबर १५३४ चा. गुजरातचा सुलतान बहादूरशाह याला मुघल बादशाह हुमायूनची धास्ती होती. समुद्रावर पोर्तुगीज त्रास देतच होते. एका वेळी दोन शत्रू नकोत म्हणून त्याने वसई आणि आसपासचा मुलूख पोर्तुगीजांना देऊन टाकला. शिवाय अट अशी की गुजरातहून तांबड्या समुद्राकडे जाणाऱ्या जहाजांनी आधी वसईला यायचं, परवाना घ्यायचा. म्हणजे जो त्रास देतो, त्यालाच फी द्यायची! पुढच्या वर्षी हुमायून आलाच. मग दीवला किल्ला बांधायची परवानगीही पोर्तुगीजांना मिळाली. १५३७ मध्ये याच बहादूरशाहचा दीवजवळ समुद्रात पोर्तुगीजांशी झालेल्या झटापटीत अंत झाला.

पुढे दोनशे वर्षं पोर्तुगीज इथे राहिले. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. इथल्या चर्चच्या घंटा मराठ्यांनी विजयाची खूण म्हणून नेल्या. नाशिकला गोदाकाठी नारोशंकराच्या देवळात जी मोठी घंटा आहे ना, ती त्यातलीच मानतात. तिच्यावर १७२१ हे साल आहे.

आता दुसरा तह. ऑक्टोबर १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ हडपसरला पेशवे आणि शिंदे यांच्या फौजेचा पराभव केला. दुसरा बाजीराव घाबरला, आणि कारणही होतं. यशवंतरावांच्या भावाला, विठोजीला, त्याने आदल्याच वर्षी हत्तीच्या पायी दिलं होतं. तो पळाला. कोकणात उतरला, सुवर्णदुर्गाहून इंग्रजांच्या जहाजाने वसईला आला. ज्या गावाला त्याच्या आजोबांच्या सख्ख्या भावाने लढून जिंकलं, तिथेच ३१ डिसेंबर १८०२ ला त्याने इंग्रजांशी तह केला.

अटी ऐका. इंग्रजांच्या किमान सहा पलटणी कायम पेशव्याच्या मुलखात राहणार. त्यांच्या खर्चासाठी २६ लाख रुपये उत्पन्नाचा प्रदेश इंग्रजांना द्यायचा. इंग्रजांचे शत्रू असलेल्या युरोपियनांना नोकरीत ठेवायचं नाही. आणि सगळ्यात महत्त्वाची अट, इंग्रजांना विचारल्याशिवाय दुसऱ्या कुठल्या सत्तेशी बोलणी करायची नाहीत.

ही शेवटची अट वाचली आणि मला आमच्या बिल्डिंगमधले काका आठवले. निवृत्त माणूस. रोज सकाळी गेटपाशी भुऱ्याला बिस्किट देतात. एके दिवशी दिसले नाहीत. भुऱ्या काही केल्या पुढे हलेना, म्हणून वर जाऊन बेल वाजवली. बराच वेळ कुणी येईना. शेवटी काकूंनी दार उघडलं. काका आतल्या खोलीत कडी लावून बसलेले. फोनवर गणवेशातला माणूस. 'तुमच्या आधार कार्डावर पार्सल पकडलंय, तुम्ही डिजिटल अरेस्टमध्ये आहात. कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही. घरात कुणाला सांगायचं नाही.' काकूंना बाहेर काही पत्ताच नव्हता! एक रक्कम गेली होती, एफडी मोडायचं ठरत होतं. आम्ही फोन कट केला आणि १९३० वर तक्रार केली. गेलेल्यातले थोडे पैसे गोठवले गेले. बाकीचे अजून आलेले नाहीत. काका अजून खाली उतरत नाहीत.

आता कुणी म्हणेल, तह आणि फ्रॉड एकच कसे? नाहीतच. काकांना दाखवलेलं संकट खोटं होतं, हुमायून आणि होळकर खरे होते. बाजीरावाला इंग्रज कोण हे पक्कं ठाऊक होतं. पण एक धागा दोन्हीकडे आहे. माणूस घाबरला की तो आधी आपल्याच माणसांपासून तुटतो, आणि मग जो 'मी वाचवतो' म्हणेल त्याचं ऐकतो. समोरच्यालाही तेच हवं असतं. बाजीराव मे १८०३ मध्ये पुण्याच्या गादीवर परत बसला खरा. पण शिंदे आणि भोसले यांना हा तह मान्य नव्हता. त्याच वर्षी ते इंग्रजांशी लढले आणि हरले. १८१८ मध्ये पेशवाईच गेली आणि बाजीराव आठ लाखांच्या पेन्शनीवर बिठूरला जाऊन राहिला.

म्हणून मला त्या घंटा महत्त्वाच्या वाटतात. घंटा वाजली की ती सगळ्या गावाला ऐकू जाते. गुपचूप वाजणारी घंटा नसते. फसवणाऱ्याला नेमकी तीच नको असते, त्याला बंद खोली हवी असते.

तर आज एक काम करा. घरातल्या मोठ्यांना बसवून सांगा की डिजिटल अरेस्ट नावाची गोष्ट आपल्या कायद्यात नाही. 'कुणाला सांगू नका' असं फोनवर कुणी म्हणालं, की फोन ठेवायचा आणि मोठ्याने हाक मारायची. पैसे गेले असतील तर लाजत बसू नका, लगेच १९३० लावा, कारण पहिले काही तास फार मोलाचे असतात. आणि ज्याचे गेले त्याला 'एवढंही कळलं नाही का' असं विचारू नका. पुढच्या वेळी तो सांगणारच नाही.

भेटू पुढच्या एपिसोडला.